जुनी मोटरसायकल बदलायची कधी?

2010-11 च्या सुमारास रस्त्यावर आलेल्या मोटरसायकलींच्या नोंदणीची मुदत आता संपत आली आहे, काहींची संपलीही आहे. यातल्या बहुतेक शंभर-सव्वाशे सीसीच्या साध्या गाड्या. स्प्लेंडर, पॅशन, प्लॅटिना, डिस्कव्हर, शाइन. एमआयडीसीतली पाळी, शाळेतली नोकरी, दुधाचा रतीब, तालुक्याच्या कोर्टातली तारीख, अशा कामांसाठी घरातल्या माणसाला नेऊन सुखरूप परत आणणं एवढंच त्यांच्याकडून अपेक्षित असतं आणि ते त्यांनी वर्षानुवर्षं केलेलं असतं. मग कधीतरी गाडी धूर मारू लागते, किंवा मेकॅनिक सांगतो की आता हाफ इंजिन काम करावं लागेल, आणि घरात विषय निघतो. या चर्चेत साधारण तीन गोष्टी बोलल्या जातात. गाडीला पंधरा वर्षं झाली, ती पूर्वीसारखं ॲव्हरेज देत नाही, आणि दसऱ्याला शोरूममध्ये एक्सचेंजची ऑफर आहे. माझ्या मते हे तिन्ही निकष दुय्यम आहेत. गाडी बदलायची की नाही हे दोन प्रश्नांवर ठरायला हवं. तिच्यावर रोज किती किलोमीटर जावं लागतं? आणि ती हवी तेव्हा, हवी तिथे थांबते का? पहिल्या प्रश्नात पैशाचं उत्तर आहे, दुसऱ्यात जिवाचं.

आधी पंधरा वर्षांचा समज बाजूला करू, कारण त्या भीतीपोटी चांगल्या गाड्या कवडीमोलाने विकल्या जातात. पंधरा वर्षांनी पेट्रोल गाडी रस्त्यावर चालवायची नाही, हा निर्बंध दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या राजधानी परिसरापुरता आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या 2015 च्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या आदेशांतून तो आला. बातम्या दिल्लीच्या असतात आणि धास्ती सांगली-जळगावात घेतली जाते. 1988 च्या मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर दर खेपेला पाच वर्षांसाठी तिचं नूतनीकरण करता येतं. मुदत संपण्याच्या आधीच्या साठ दिवसांत फॉर्म 25 भरायचा, चालू विमा आणि पीयूसी जोडायची, गाडी आरटीओत दाखवायची. दुचाकीच्या नूतनीकरणाची फी 2022 पासून 1,000 रुपये आहे. गाडी वीस वर्षांहून जुनी असेल तर ऑगस्ट 2025 पासून ती 2,000 रुपये झाली. शिवाय राज्याचा पर्यावरण कर आहे, पाच वर्षांसाठी 2,000 रुपये. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट लागते, तिचे 450 रुपये अधिक जीएसटी. हे सगळं धरून पंधरा वर्षांची गाडी आणखी पाच वर्षं कायदेशीर चालवायचा सरकारी खर्च चार हजारांच्या आत बसतो. उशीर मात्र करू नये, कारण मुदत उलटल्यावर दर महिन्याला 300 रुपये जादा मोजावे लागतात. थोडक्यात, आरसीवरची तारीख आली म्हणजे गाडी भंगारात गेली, असं महाराष्ट्रात तरी नाही.

आता ॲव्हरेजकडे येऊ. नवी गाडी घ्यायचं सर्वात लाडकं कारण म्हणजे ती पेट्रोल वाचवते. ते खरं आहे, पण किती वाचवते हे कागदावर मांडलं की चित्र पालटतं. समजा, एखाद्याचं रोजचं जाणं-येणं 30 किलोमीटर आहे आणि वर्षातले 300 दिवस गाडी चालते. म्हणजे वर्षाला 9,000 किलोमीटर. पेट्रोल लिटरला 104 रुपये धरू. जुनी गाडी 50 चं ॲव्हरेज देत असेल तर 180 लिटर लागतील, त्याचे 18,720 रुपये. नवीने प्रत्यक्ष रस्त्यावर 62 चं दिलं तर 145 लिटर, म्हणजे सुमारे 15,100 रुपये. बचत वर्षाला 3,600 रुपये. नवी गाडी रस्त्यावर यायला 92,000 रुपये लागले आणि जुनीचे 15,000 आले, तर खिशातून 77,000 गेले. निव्वळ पेट्रोलच्या बचतीतून ते भरून यायला एकवीस वर्षं लागतील. तोवर नवी गाडीही जुनी होऊन पुन्हा आरटीओच्या रांगेत उभी राहिलेली असेल.

अर्थात एवढ्यावर थांबणं नव्या गाडीवर अन्याय करणारं ठरेल. जुनी गाडी नुसतं पेट्रोल खात नाही, दुरुस्तीही खाते. म्हणून पाच वर्षांचा पूर्ण खर्च मांडू. आकडे गृहीत आहेत, वाचकाने त्या जागी आपले घालावेत. जुन्या गाडीला पेट्रोल 18,720. ऑइल, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक शू, टायर, क्लच प्लेट मिळून वर्षाला 5,000. पाच वर्षांत बोअर-पिस्टनसकट मोठी कामं 15,000 ची निघाली तर वर्षाला 3,000. विक्रीची किंमत 15,000 वरून निम्म्यावर आली, तर वर्षाला 1,500 गेले. थर्ड पार्टी विमा सुमारे 850 आणि नूतनीकरणाचे वर्षाला 600. बेरीज 29,670. नव्या गाडीला पेट्रोल 15,100, सर्व्हिसिंग 3,000, पहिल्या वर्षानंतरच्या विम्याचे सरासरी 800. आतापर्यंत नवी स्वस्त वाटते. पण 92,000 ची गाडी पाच वर्षांनी 40,000 ला गेली तर वर्षाला 10,400 रुपये निव्वळ घसाऱ्यात गेले, आणि 60,000 चं कर्ज काढलं असेल तर त्याचं व्याज पाच वर्षांवर पसरून वर्षाला 3,600. बेरीज 32,900. फरक वर्षाला सव्वातीन हजारांचा, म्हणजे दिवसाला नऊ रुपयांचा. रोखीने घेतली तरी गणित फार बदलत नाही, कारण तेवढ्या रकमेवर बँकेत मिळालं असतं ते व्याज बुडतं.

या हिशेबातली सर्वात मोठी आणि सर्वात दुर्लक्षित रक्कम घसाऱ्याची आहे. पेट्रोलचे पैसे रोज हातातून जाताना दिसतात, घसारा दिसत नाही. विमा कंपन्या गाडीची विमा-किंमत ठरवतात तेव्हा सहा महिने उलटताच 15 टक्के वजा करतात आणि पाचव्या वर्षापर्यंत निम्मी किंमत पुसून टाकतात. त्यातही ही वजावट शोरूमच्या किमतीवर असते. त्यावर भरलेला राज्याचा एकरकमी वाहनकर, जो महाराष्ट्रात इंजिनाच्या क्षमतेनुसार शोरूम-किमतीच्या 10 ते 12 टक्के आहे, नोंदणीची फी, पाच वर्षांचा सक्तीचा थर्ड पार्टी विमा, हे पैसे गाडी विकताना कुणी परत देत नाही. जुन्या गाडीने हा घसारा केव्हाच सोसलेला असतो, आणि तिच्या स्वस्ताईचं खरं कारण हेच आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तेव्हा आता तरी घ्यावी, असं कुणी म्हणेल. किमती त्यामुळे आठ टक्क्यांच्या आसपास उतरल्या हे बरोबर आहे, आणि वर धरलेले 92,000 हे त्या उतरलेल्या किमतीच्या आसपासचेच आहेत. शिवाय नवी स्वस्त झाली की जुनीचाही भाव पडतो, हेही लक्षात ठेवावं.

पण या गणिताची खरी किल्ली रोजच्या अंतरात आहे. तीच गाडी रोज फक्त 10 किलोमीटर चालत असेल, तर पेट्रोलची वार्षिक बचत 1,200 रुपयांवर येते आणि दुरुस्तीचा खर्चही निम्मा होतो, घसारा आणि व्याज मात्र जवळजवळ तेवढंच राहतं. अशा माणसाला नवी गाडी वर्षाला आठ-नऊ हजारांनी महाग पडेल. उलट रोज 60 किलोमीटर जाणाऱ्याची पेट्रोल बचत 7,200 च्या पुढे जाते, जुन्या गाडीची कामं दुप्पट वेगाने निघतात, आणि नवी गाडी निर्विवाद फायद्याची ठरते. जुनीचं ॲव्हरेज 43 च्या खाली उतरलं, तर 30 किलोमीटरवालाही बरोबरीला येतो. म्हणून गावातल्या गावात दुकान-घर करणाऱ्याने बारा वर्षांची गाडी ठेवावी आणि चाकण-शिरवळला रोज लांबून कामाला जाणाऱ्याने आठ वर्षांची बदलावी, यात काहीच विसंगत नाही. गाडीच्या वयावरून यातलं काहीही कळत नाही.

ॲव्हरेज 43 च्या खाली आहे की नाही हे मात्र अंदाजाने ठरवू नये. टाकी काठोकाठ भरायची, मीटरचा आकडा लिहून ठेवायचा, तीन-चारशे किलोमीटरनंतर त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरायची आणि किलोमीटरला लिटरने भागायचं. असं दोनदा केलं की खरा आकडा मिळतो. तो कमी आला तरी लगेच इंजिनाला दोष देऊ नये. एअर फिल्टर तुंबलेला असतो, मागचा ब्रेक चाकाला घासत असतो, चेन कोरडी आणि सैल असते, टायरमध्ये हवा कमी असते. या चारही गोष्टी हजार रुपयांच्या आत सुधारतात आणि पाच-सहाचं ॲव्हरेज परत मिळवून देऊ शकतात. आणखी एक कारण गाडीत नाही, पेट्रोलमध्ये आहे. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच जुन्या बनावटीच्या दुचाकींचं ॲव्हरेज यामुळे 3 ते 4 टक्क्यांनी घटेल असं म्हटलं होतं. पन्नासवरून अठ्ठेचाळीसवर आलेली गाडी म्हातारी झालेली नसते. इथेनॉल हवेतली ओल मात्र शोषून घेतं, त्यामुळे पावसाळ्यात महिनाभर अर्ध्या टाकीवर उभ्या ठेवलेल्या जुन्या गाडीच्या टाकीला आतून गंज धरतो आणि कार्बोरेटरमधले रबरी भाग लवकर खराब होतात. यावर उपाय गाडी बदलणं हा नाही, तर ती चालती ठेवणं आणि ते रबरी भाग वेळेवर बदलणं हा आहे.

पैशाचं बोलणं इथे संपतं आणि मला अधिक महत्त्वाचा वाटणारा भाग सुरू होतो. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यातली 74,897 दुचाकीवरची होती, म्हणजे दर शंभरात चव्वेचाळीसहून जास्त. दिवसाचे नऊ रुपये वाचवायचे की नाही, हा प्रश्न या आकड्यांसमोर ठेवून विचारला पाहिजे. जुन्या आणि नव्या साध्या मोटरसायकलीत सुरक्षिततेच्या दृष्टीने नेमका काय फरक आहे? एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकीचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागतो, जेणेकरून समोरच्याला ती लवकर दिसावी. एप्रिल 2019 पासून विकल्या जाणाऱ्या सव्वाशे सीसीपर्यंतच्या प्रत्येक दुचाकीला किमान संयुक्त ब्रेक, ज्याला सीबीएस म्हणतात, तो सक्तीचा आहे, आणि त्याहून मोठ्या गाड्यांना चाक लॉक होऊ न देणारा एबीएस. दिव्याची कमतरता जुन्या गाडीवाला बटण दाबून भरून काढू शकतो, ब्रेकची नाही.

हे का, ते समजून घेण्यासारखं आहे. गाडी जोरात थांबवताना तिचं वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं चाक हलकं होतं. म्हणून थांबवण्याचं साधारण 70 टक्के काम पुढचा ब्रेक करतो. पण पुढचा ब्रेक मारला की गाडी पालथी होते, ही भीती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली आहे, आणि असंख्य माणसं आयुष्यभर फक्त पायाचा ब्रेक वापरतात. ताशी 50 किलोमीटर वेगात कोरड्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट वापरले, तर ब्रेक लागल्यापासून गाडी सुमारे 16 मीटरमध्ये थांबू शकते. नुसत्या मागच्या ब्रेकवर तेच अंतर 27-28 मीटरपर्यंत जातं. मधल्या अकरा-बारा मीटरमध्ये एक अख्खी एसटी मावते. सीबीएसमध्ये पाय दाबला की पुढचा ब्रेकही काही प्रमाणात आपोआप लागतो, म्हणजे सवय न बदलता अंतर कमी होतं. सीबीएस म्हणजे एबीएस नव्हे, ओल्या रस्त्यावर चाक लॉक होणं तो पूर्ण टाळत नाही, हे खरं. तरी ज्याचा पाय कायम मागच्याच ब्रेकवर असतो आणि जो रोज महामार्गावर ट्रकांच्या मधून जातो, त्याच्यासाठी गाडी बदलण्याचं मी मान्य करतो असं सर्वात भक्कम कारण हेच आहे. आणि बदलायचीच, तर स्टिकर, मोबाइल जोडणी आणि रंगीत मीटरवर चार हजार जादा घालण्यापेक्षा ते पुढच्या डिस्क ब्रेकवर घालावेत.

जुनी ठेवायची असेल, तर तिची झडती मात्र कसून घ्यावी. इंजिन सुधारतं, सांगाडा सुधारत नाही. गाडी मधल्या स्टँडवर लावावी, दुसऱ्याला मागून दाबून धरायला सांगून पुढचं चाक उचलावं आणि हँडल एका बाजूकडून दुसरीकडे अगदी सावकाश फिरवावं. बरोबर मध्यावर ते खाचेत बसल्यासारखं अडकलं, तर कोनसेट गेला आहे, आणि अशी गाडी खड्ड्यातून गेल्यावर सरळ रेषेत राहत नाही. मग मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवावं. खडखड आली तर स्विंग आर्मचे बुश किंवा चाकाचे बेअरिंग झिजले आहेत. ही कामं फार खर्चाची नाहीत. पण सीट काढून, टाकीखालचा आणि मागच्या शॉकअपच्या वरच्या जोडाजवळचा सांगाडा टॉर्चने पाहावा. गंज नुसता वर असेल तर घासून रंग देता येतो. स्क्रू-ड्रायव्हरने टोचल्यावर पापुद्रे निघाले, किंवा तिथे जुनं वेल्डिंग दिसलं, तर त्या गाडीवर आणखी एक रुपयाही घालू नये. कोकण किनाऱ्यावरच्या आणि गोव्यातल्या खाऱ्या हवेतल्या गाड्यांना हे दुखणं लवकर जडतं. शेवटी टायरच्या कडेवरचे चार अंक वाचावेत. 2319 असं लिहिलं असेल, तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी शाबूत दिसली तरी सहा-सात वर्षांचं रबर कडक झालेलं असतं आणि पहिल्या पावसात घसरतं. दोन टायर, दोन्हीकडचे ब्रेक शू, केबली आणि कोनसेट मिळून सहा-सात हजारांचं काम होतं. नवी गाडी पुढे ढकलायची, तर हे काम पुढे ढकलता येणार नाही, आणि हेल्मेट जुनं असेल तर तेही.

सुट्या भागांचा मुद्दा थोडक्यात. 1994 मध्ये आलेली स्प्लेंडर आजही विकली जाते, त्यामुळे तिचा जवळजवळ कुठलाही भाग तालुक्याच्या बाजारात मिळतो आणि कुठल्याही मेकॅनिकला ती उघडता येते. पण बंद पडलेल्या मॉडेलचा मालक एका छोट्या भागासाठी दोन आठवडे गाडीविना राहतो. एलएमएलसारख्या कंपनीच बंद झालेल्या गाड्यांचं तर विचारायलाच नको. तुमच्या गाडीचा कार्बोरेटर आणि टायमिंग चेन गावात त्याच दिवशी मिळत नसेल, तर वरचं सगळं गणित बाजूला ठेवून ती काढावी. उलट नवी घेणाऱ्याने हे जाणून घ्यावं की 2020 नंतरच्या बहुतेक गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन आणि सेन्सर आले आहेत. सकाळच्या गारठ्यात अशी गाडी एका झटक्यात सुरू होते, पण बॅटरी पार उतरली तर नुसत्या किकवर भरवसा ठेवता येत नाही, आणि बिघाड शोधायला स्कॅनर लागतो. झाडाखालच्या गॅरेजवाल्यांपैकी अनेकांनी ते काम शिकून घेतलं आहे. आपल्या परिसरातल्याने घेतलं आहे का, हे गाडी बुक करण्याआधी विचारावं.

जुनी गाडी ठेवण्यावरचा सर्वात गंभीर आक्षेप प्रदूषणाचा, आणि तो मी हलक्यात घेत नाही. एप्रिल 2010 च्या बीएस-3 नियमांत मोटरसायकलच्या धुरातले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड मिळून किलोमीटरला 1 ग्रॅमपर्यंत चालत. एप्रिल 2020 च्या बीएस-6 मध्ये हायड्रोकार्बनला 0.1 आणि नायट्रोजन ऑक्साइडला 0.06 ग्रॅम एवढीच मुभा आहे. म्हणजे मर्यादा सहापटींनी खाली आली. पुण्या-मुंबईच्या चौकात उभं राहून श्वास घेणाऱ्या प्रत्येकाला याचा फायदा आहे. प्रश्न एवढाच की तुम्ही जुनी गाडी एक्सचेंजमध्ये दिल्यावर तिचं काय होतं? ती बहुधा शेजारच्या जिल्ह्यात कुणालातरी विकली जाते आणि तिथे तोच धूर सोडत फिरते. तुमच्या दारातून ती गेली, हवेतून नाही. प्रदूषण खरोखर कमी करायचं असेल, तर गाडी नोंदणीकृत भंगार केंद्रात देऊन जमा प्रमाणपत्र घ्यावं. नवी गाडी घेताना त्यावर वाहनकरात सवलतही मिळते. निळा धूर सोडणारी, ऑइल पिणारी गाडी इंजिनाचं काम न करता चालवत राहणं मात्र कुठल्याही हिशेबाने समर्थनीय नाही. एकतर काम करावं, नाहीतर तिला भंगारात द्यावं.

इथे विजेच्या स्कूटरचा विचार करायलाच हवा, कारण वरच्या गणिताला खरा धक्का तीच देते. 1,000 किलोमीटरला चार्जरच्या तोट्यासकट 35 युनिट धरली आणि युनिटला 12 रुपये, तर वर्षाच्या 9,000 किलोमीटरला 3,800 रुपयांची वीज लागते. पेट्रोलच्या जुन्या गाडीशी तुलना केली तर वर्षाला पंधरा हजारांची बचत. स्कूटर 1,10,000 ची, त्यातले 78,000 कर्जाचे, आणि पाच वर्षांनी ती जेमतेम 30,000 ला जाईल असं हात आखडून धरलं, तरी सगळा खर्च वर्षाला 27,300 च्या आसपास येतो. म्हणजे रोज 30 किलोमीटर जाणाऱ्यालाही ती जुन्या मोटरसायकलीपेक्षा स्वस्त, आणि 60 किलोमीटरवाल्याला तर फारच. पण हे ज्याच्या दारात स्वतःचा प्लग आहे त्याला. चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, सोसायटीने पार्किंगमध्ये वीज द्यायला नकार दिलेल्या घरात, किंवा शेताच्या कच्च्या रस्त्यावर पोतं टाकून जाणाऱ्याला हा हिशेब लागू होत नाही. ज्याला प्लग आणि ठरलेला रस्ता दोन्ही आहेत, त्याने पेट्रोलची नवी मोटरसायकल घेण्याआधी दहादा विचार करावा.

एक आक्षेप असाही आहे की हिशेबाने सगळं ठरत नाही, गाडी बंद पडली की दिवस बुडतो. हे पूर्ण मान्य. ज्याची कमाईच गाडीवर आहे, घरपोच वस्तू पोचवणारा, विमा हप्ते गोळा करणारा, रात्रपाळीची नर्स, यांच्यासाठी महिन्यातला एक बुडालेला दिवसही वर्षाच्या सव्वातीन हजारांहून जास्त किमतीचा ठरतो. वर्षातून तीनदा गाडी रस्त्यात उभी राहत असेल आणि बिघाड दर वेळी निराळा असेल, तर मेकॅनिकला दोष न देता गाडी बदलावी. एकच बिघाड तीनदा होत असेल, तर आधी मेकॅनिक बदलावा.

बदलायचं ठरलंच, तर कर्जाचा कागद नीट वाचावा. शोरूममधल्या टेबलावर सांगितला जाणारा 10 टक्के दर बहुतेकदा फ्लॅट असतो. 60,000 वर तीन वर्षांचं व्याज 18,000, हप्ता 2,167. पण मुद्दल दर महिन्याला फिटत जात असताना व्याज मात्र पूर्ण रकमेवर लावलेलं असतं, त्यामुळे बँका सांगतात त्या घटत्या शिलकीच्या पद्धतीने हा दर सुमारे 18 टक्के होतो. पगार होतो त्या बँकेत किंवा पतसंस्थेत घटत्या शिलकीचा दर विचारावा आणि मगच सही करावी. आणि जुनी गाडी कुणालाही दिली, ओळखीच्याला दिली, एक्सचेंजला दिली, तरी फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून आरसीवरचं नाव बदललं की नाही, हे स्वतः ऑनलाइन तपासावं. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे की अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचं नाव, तोच मालक. गाडी विकून चार वर्षं झाली असली, तरीही.